दगडी भोपळ्यातली बाई

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि सौदीतल्या राबिघच्या घरात मी आणि नवरा दोघंच उरलो. नवरा पेट्रोकेमिकलच्या प्लँटमध्ये, त्यातही दुरुस्तीच्या शटडाउनचे दिवस असले की घरी फक्त झोपायला येणार. मी आमच्या कंपाउंडच्या, म्हणजे कंपनीच्या वसाहतीच्या, छोट्या लायब्ररीत दर गुरुवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगायचे. पगार वगैरे काही नव्हता. हिंदुस्तानी, पाकिस्तानी, फिलिपिनो अशी सगळी मुलं चटईवर बसायची. इंग्रजीत सुरू केलेली गोष्ट मधेच हिंदीत जायची आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही.

तिथे एक सौदी बाई तिच्या लहान मुलाला घेऊन यायची आणि मागे खुर्चीवर बसून स्वतःच जास्त ऐकायची. तिचा नवराही प्लँटमध्येच होता. एकदा मुलं गेल्यावर ती थांबली. डोंगरावरच्या ताइफला तिच्या वडिलांची गुलाबाची शेती होती. त्यातला एक भाग ती कुटुंबांसाठी खुला करणार होती, कॉफीची जागा, मुलांना खेळायला हिरवळ, असं सगळं. "आणि मी आफ्रिकेतून पुतळे मागवलेत," ती म्हणाली. "दगडाचे. प्रत्येक पुतळा म्हणजे एक परीकथा. तू येशील? प्रत्येकाजवळ लावायच्या पाट्या लिहायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना त्या गोष्टी सांगायच्या. राहायला खोली देते."

मी नवऱ्याला विचारायच्या आधीच हो म्हणून बसले.

ताइफला पोचले तेव्हा थंडी होती आणि झाडांवर गुलाबाची एक कळीसुद्धा नव्हती. पुतळे लाकडी खोक्यांतून आले होते. क्रेनच्या ट्रकमधून एकेक खोका उतरवून, त्यातलं वाळलेलं गवत उपसून पुतळा बाहेर काढायचा, असं दोन दिवस चाललं. पुतळ्यांबरोबर ते घडवणारी बाईही आली होती. झिंबाब्वेची. पन्नाशीच्या आसपासची, उंच, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, अंगात कुणाचा तरी पुरुषी स्वेटर. वाटेत एखादा कोपरा उडाला असेल तर तो नीट करायचा आणि अर्धवट राहिलेले दोन-तीन पुतळे इथेच पुरे करायचे, यासाठी त्या सौदी बाईनं, म्हणजे आता माझ्या मालकिणीनं, तिला बोलावून घेतलं होतं. शेताच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या सावलीत तिनं आपल्या छिन्न्या, हातोडे, कानशी मांडल्या. तिच्या हातांवर दगडाची पांढरी भुकटी कायमची बसलेली असायची. जेवायला येताना ती कोपरापर्यंत हात धुवायची, तरी नखांच्या कडेला राहायचीच.

मला वाटलं होतं, काम सोपं आहे. लहानपणापासून ऐकलेल्या, मुलांना सांगितलेल्या गोष्टी. पुतळा बघायचा, गोष्ट ओळखायची, चार ओळी लिहायच्या. पण खोक्यांतून जे निघालं ते बघून मी चक्रावले. लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतला लांडगा असेल म्हणून मी ज्याच्यापाशी गेले, त्याची पाठ मागे उतरती होती आणि खांदे उंच होते. तो सरळसरळ तरस होता. राजपुत्र होणारा बेडूक बोकडाएवढा. मनोऱ्यात कोंडलेल्या मुलीचे केस खाली येता येता दगडात मुरून गेले होते, त्यामुळे ते केस आहेत, पाणी आहे की मुळं आहेत, हे कळायला मार्ग नव्हता. आणि कुठल्याच चेहऱ्याला डोळे नव्हते. नाक, गाल, हनुवटी आणि डोळ्यांच्या जागी नुसता गुळगुळीत उतार.

"ही माझ्या वडिलांची अट होती," मालकीण म्हणाली. "त्यांना रोज पहाटे नमाजला जाताना इथून जावं लागतं. म्हणाले, ठेव, पण माझ्याकडे बघणारं कुणी नको."

तिचे वडील मी लांबूनच बघितलेले. वाळकेसे म्हातारबाबा, काठी घेऊन वाफ्यांमधून फिरणारे. माझ्याशी ते कधी बोलले नव्हते.

मी शिल्पकार बाईला गाठलं. ती छान, सावकाश इंग्रजी बोलायची. तिनं सांगितलं की ऑर्डर एका एजंटामार्फत आली होती आणि त्यानं गोष्टी फोनवर मेसेजनं पाठवल्या होत्या, दोन-दोन ओळींत. काही तिनं शाळेत ऐकलेल्या होत्या, काही नव्हत्या.

"ती बुटाची गोष्ट," ती म्हणाली. "काचेचा बूट घालून मुलगी नाचली?"

"हो."

"आणि काच फुटली नाही?"

"नाही."

"मग ती काच नसेल." ती हसली नाही. तिला खरंच ते पटत नव्हतं. मला तोवर कधी शंकाच आली नव्हती.

त्या बुटाच्या गोष्टीचा म्हणून जो पुतळा होता, त्यानंच मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं. एक मोठा, कंबरेइतका उंच भोपळा, फोडी-फोडींच्या रेषा असलेला. दगड हिरवट काळा. भोपळ्याचा वरचा भाग घासून, मेण लावून आरशासारखा केलेला, खालचा तसाच खडबडीत, खाणीतून आलेला असावा तसा तांबूस. आणि वरच्या बाजूनं एक बाई बाहेर डोकावते आहे. खांदे वाकलेले, मान पुढे आलेली, हात भोपळ्याच्या कडेवर.

मी बघितलं आणि मला हसूच आलं. ही तर आपली म्हातारी! लेकीकडे राहून, खाऊन-पिऊन जाड होऊन, वाघाला चुकवायला भोपळ्यात बसून परत निघालेली. ही गोष्ट आफ्रिकेत कशी पोचली? मी धावत मालकिणीकडे गेले आणि तिला सगळी गोष्ट सांगितली, वाघासकट. तिनं ऐकून घेतलं.

"नाही, नाही," ती म्हणाली. "ही बग्गी आहे. भोपळ्याची बग्गी होते ना? बाराचे ठोके पडल्यावर तिचा परत भोपळा होतो, तो क्षण. ती मुलगी आहे."

"पण ती म्हातारी दिसते."

तिनं पुतळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "दिसते का?"

पुन्हा मी पत्र्याखाली. शिल्पकार बाई हातातलं काम न थांबवता म्हणाली, "मुलगीच होती. ताठ बसलेली. मानेपाशी दगडात भेग निघाली, म्हणून मान खाली घ्यावी लागली. मान घेतली म्हणून खांदे घ्यावे लागले. खांदे वाकले की मुलगी मुलगी राहत नाही."

"म्हणजे आता ती म्हातारी आहे?"

"आता ती वाकलेली आहे," ती म्हणाली.

मग पाटीवर काय लिहायचं? मालकिणीचं म्हणणं प्रमाण मानून मी बग्गीची गोष्ट लिहून टाकली. पण रोज तिथून जाताना मला लेकीकडून निघालेली म्हातारीच दिसायची आणि आपण खोटं लिहिलंय की काय, असं वाटत राहायचं.

त्याच सुमारास आईचा व्हिसा झाला. आई पंचाहत्तरीच्या पुढची, नाशिकला भावाकडे असते. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, सगळा जन्म उभ्यानं गेलेला. भावानं फोनवर वेगळं बोलून घेतलं. "ताई, आई हल्ली एकच गोष्ट दोनदा सांगते. कधी कधी न घडलेलंही सांगते. तू जरा लक्ष ठेव, मग ठरवू डॉक्टरचं." मला धक्का बसला, कारण फोनवर आई मला अगदी ठणठणीत वाटायची. पण फोनवर काय कळतं?

राबिघला तिला नवऱ्याच्या भरवशावर ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून जिद्दाच्या विमानतळावरून तिला थेट ताइफला आणलं. घाटात माकडं गाडीच्या टपाशी आली तेव्हा ती म्हणाली, "ही वणीच्या गडावरून आली असतील." मी लगेच सावध झाले. ही थट्टा आहे की आणखी काही? आरशातून तिचा चेहरा बघितला, पण त्यावरून काही कळेना. पुढचे दोन महिने हे असंच चाललं. आई काहीही बोलली की मी ते तपासून बघायचे.

दुसऱ्या दिवशी मी तिला बाग दाखवली. बाकीच्या पुतळ्यांवरून तिनं नजर फिरवली, तरसाला "कुत्रं" म्हणाली आणि भोपळ्यापाशी येऊन थांबली.

"ही कोण गं?"

मी तिला बग्गीची गोष्ट सांगितली. तिनं नीट ऐकली.

"मग घोडे कुठायत?"

"ते परत उंदीर झाले."

"बरं. आणि हिचे पाय?"

"आत असतील, भोपळ्यात."

"आत कुठे? आत दगड आहे." तिनं भोपळ्याच्या खालच्या खडबडीत भागावर चापट मारली. "नुसती छातीपर्यंत बाई आहे."

"मला तर ती आपली लेकीकडून निघालेली म्हातारी वाटली होती."

"तिलासुद्धा घरी गेल्यावर उतरावं लागलंच असेल ना? ही कशी उतरणार?" आई खरोखरच काळजीत पडल्यासारखी दिसली. "अडकून बसलीय बिचारी."

त्या रात्री जेवताना तिनं तेच पुन्हा विचारलं. हिचे पाय कुठायत? मी भावाला मेसेज केला की हो, दोनदा विचारते.

मला दिवसभर कामं असायची. पाट्यांचे मजकूर, त्यांचं अरबी मालकिणीबरोबर जुळवणं, कॉफीच्या जागेचं सामान. आई एकटी खोलीत बसणारी नव्हती. तिनं स्वेटर, कानाला स्कार्फ, पायात मोजे आणि त्यावर चपला असा अवतार केला आणि प्लास्टिकचं स्टूल उचलून पत्र्याच्या सावलीत जाऊन बसली. मी तिला मऊ बूट घेतले होते, पण ते तिला होत नव्हते. अंगठ्याच्या बाजूचं हाड बाहेर आलेलं आणि शेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं, तिला कुठलाच बूट नीट बसत नाही. चपलेचासुद्धा एक पट्टा तिनं कापून टाकलेला असतो.

शिल्पकार बाईला तिचा त्रास होईल म्हणून मी माफी मागायला गेले. ती म्हणाली, "बसू दे. मला दगडाचा आवाज एकटीनं ऐकायचा कंटाळा येतो."

आणि मग त्या दोघींचं बोलणं सुरू झालं. आई मराठीत बोलायची. आईचं हिंदी यथातथा, इंग्रजी म्हणजे औषधांची नावं. ती बाई कधी इंग्रजीत, कधी तिच्या भाषेत उत्तर द्यायची. आई "हो ना" म्हणायची आणि पुढे चालू. मी चहा घेऊन जायचे तेव्हा दोन मिनिटं उभी राहून ऐकायचे आणि एका बोलण्याचा दुसऱ्याशी काय संबंध, ते मला लागायचं नाही. आई आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या वेळांबद्दल सांगतेय आणि ती बाई हातोडी थांबवून मान हलवतेय.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "त्या बाईची आई गेली गं. आणि मुलगा लांब असतो, दुसऱ्या देशात. ट्रक चालवतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"कुठल्या भाषेत, आई?"

"आता भाषा कुणी बघितली?"

हेच ते न घडलेलं सांगणं. सकाळी मी शिल्पकार बाईला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "तुझे आई-वडील असतात का गावी?"

"आई असते. मजेत आहे."

म्हणजे आईनं मनानंच रचलं होतं. माझं तोंड उतरलं असावं, कारण तिनं विचारलं, "का?" मी आईचं बोलणं सांगून टाकलं. त्या बाईनं कानस खाली ठेवली.

"आई जिवंत आहे," ती हळूच म्हणाली. "पण माझा मुलगा आहे दुसऱ्या देशात. ट्रकवरच असतो. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईला कुणी सांगितलं?"

"तू फोनवर बोलताना ऐकलं असेल."

"मी फोनवर माझ्या भाषेत बोलते."

आम्ही दोघींनी आईकडे बघितलं. ती स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. अर्धं खोटं, अर्धं खरं. मी भावाला काय कळवू? मी काहीच कळवलं नाही.

पुढे आईनं त्या बाईचं पॉलिशचं कामही धरलं. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन ती बेडकाची पाठ घासायची. घासून झालं की ती बाई गॅसच्या ज्योतीनं दगड तापवायची आणि त्यावर मेण चोळायची. फिकट, धुळकट दगड बघता बघता काळाभोर व्हायचा. आई दर वेळी "अगंबाई" म्हणायची आणि काही दिवसांनी ती बाईसुद्धा मेण लावताना "अगंबाई" म्हणायला लागली.

उद्घाटनाला थोडेच दिवस उरले असताना राबिघहून नवऱ्याचा फोन आला. त्याला ताप भरला होता. मी आईला विचारलं, चलतेस का, तर म्हणाली, "मी कशाला? इथे काम पडलंय." मालकिणीच्या घरातली बाई तिच्याकडे बघणार होती. मी जाऊन, नवऱ्याला दवाखान्यात दाखवून, खिचडी-सूप करून ठेवून दोन दिवसांत परत आले. गाडीतून उतरले, नेहमीच्या वाटेनं खोलीकडे निघाले आणि भोपळ्यापाशी पाय थबकले.

भोपळ्याला पाय फुटला होता.

खालचा जो खडबडीत, तांबूस भाग होता, त्यातून एक पाऊल बाहेर आलं होतं. जमिनीवर टेकलेलं, पुढे टाकलेलं. रुंद, चपटं, टाचेला भेगांच्या रेषा. अंगठ्याच्या बाजूचं हाड बाहेर आलेलं आणि शेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं.

मी खाली बसले आणि त्या बोटावर हात ठेवला. दगड उन्हानं कोमट झाला होता. आईच्या पायाला तेल लावताना हे बोट मी कितीदा हातात धरलंय! इथे, ताइफमध्ये, बग्गीतून पळणाऱ्या परदेशी परीकथेतल्या मुलीला माझ्या आईचा पाय लागला होता. मला रडू येतंय की हसू, तेच समजेना.

आई खोलीत टीव्हीवर कसली तरी अरबी पाककृती बघत होती.

"आई, तू तिला सांगितलंस का पाय करायला?"

"मी कशाला सांगू? तिनं पाय मागितला, मी दिला."

पत्र्याखाली गेले. शिल्पकार बाई हत्यारं पुसून कापडात गुंडाळत होती.

"तू माझ्या आईचा पाय मागितलास?"

"मी?" ती म्हणाली. "तुझ्या आईनं मोजा काढला आणि पाय माझ्या टेबलावर ठेवला. तिला काय म्हणायचं होतं, तूच सांग."

दोघींपैकी कुणीतरी एक चुकीचं बोलत होती. किंवा दोघी बरोबर असतील. मी त्यांच्यामध्ये उभी राहून विचार करत राहिले की आता मालकिणीला काय सांगायचं. तिनं त्या पुतळ्याचा फोटो उद्घाटनाच्या पोस्टरवर छापला होता, पाय नसलेला.

मालकीण गुरुवारी आली. पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि मग गॉगल काढून खाली वाकून बघितलं. मी, शिल्पकार बाई, आई, तिघी ओळीत उभ्या, शाळेत बाईंसमोर उभं राहावं तशा.

"हे काय आहे?"

"पाय," शिल्पकार बाई म्हणाली.

"ते मला दिसतंय. पण ही गोष्टच छोट्या पायाची आहे! अख्ख्या राज्यात जिचा पाय सगळ्यात नाजूक, तिची. हा पाय कुठल्याच बुटात जाणार नाही." ती माझ्याकडे वळली. "गोष्टी तू सांगतेस. तूच सांग, मुलांना काय सांगणार?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ते अगदी खरं होतं.

"नको असेल तर काढून टाकते," शिल्पकार बाई म्हणाली. "वेळ लागणार नाही."

आईनं माझा हात ओढला. "काय म्हणतेय ती?"

"पाय मोठा आहे म्हणते."

"मोठा असणारच. सगळा जन्म ड्युटी केलीय त्यानं. सांग तिला."

मी मालकिणीला सांगितलं की हा माझ्या आईचा पाय आहे आणि ती दवाखान्यात नर्स होती. मालकिणीनं आईच्या पायांकडे बघितलं. मोज्यावरून चप्पल, एक पट्टा कापलेला. मग ती गाडीकडे गेली, दार उघडं ठेवून आत बसली, फोनवर कुणाशी तरी अरबीत बोलली आणि परत आली.

"पाटी काढ," ती मला म्हणाली. "पाय राहू दे. पण परीकथांच्या रांगेत ही नको. कुठे ठेवायची ते मी वडिलांना विचारते."

ती चिडली होती का? मला आजही सांगता येणार नाही. आवाज चिडल्यासारखा होता, पण जाताना तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी म्हातारबाबा काठी टेकत आले. क्रेनवाल्याला त्यांनी हातानंच दिशा दाखवली. शेताच्या कडेला एक शेड होती. तिथे तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून गुलाबाचा अर्क काढतात. त्या शेडच्या दाराशी, कामगार बसतात त्या बाकाजवळ त्यांनी भोपळा ठेवून घेतला. पुतळे त्यांना मुळात आवडत नव्हते, तर हा एकच त्यांनी स्वतःच्या दाराशी का नेला, हे मालकिणीलाही कळेना. तिनं विचारल्यावर ते म्हणाले, "खलास, बस झालं, इथे बरी आहे," आणि काठी टेकत निघून गेले.

बाग सुरू झाली. गुलाब फुलले, लोक आले, मी दर शुक्रवारी आणि शनिवारी हिरवळीवर गोष्टी सांगितल्या. तरसाला मुलं तरसच म्हणाली आणि मी त्याला गोष्टीत तसाच घेतला. लाल टोपीच्या मुलीला तरस भेटला म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

शिल्पकार बाई आईच्या आधी गेली. दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या तेव्हा आई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि ती बाई डोळे पुसत हसली. मी विचारलं नाही. थोड्या दिवसांनी आईही नाशिकला गेली. भावानं तिला डॉक्टरकडे नेलं. विसरायला होण्याची सुरुवात आहे, फार नाही, वयाप्रमाणे चालायचंच, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. मी भावाला त्या ट्रकवाल्या मुलाबद्दल अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं, तेच उमगत नाही.

मोसमाच्या शेवटी मी सामान आवरत होते. फुलांची तोडणी जवळजवळ संपली होती. सकाळी लवकर शेडपाशी गेले, मालकिणीनं आईसाठी गुलाबपाण्याच्या बाटल्या द्यायला सांगितल्या होत्या. म्हातारबाबा बाकावर बसले होते. शेगडीवर चहाची किटली. त्यांनी मला बघून मान हलवली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. माझ्या तोडक्यामोडक्या अरबीला कळेल असं सावकाश.

"वालिदा कशा आहेत?" म्हणजे माझी आई.

"अल्हम्दुलिल्लाह, बऱ्या आहेत," मी म्हणाले. "तुम्ही त्यांना ओळखता?"

त्यांनी बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. "रोज सकाळी इथे बसायच्या. कामगार फुलं घेऊन यायच्या आधी. चहा घ्यायच्या." मग शेजारच्या दगडी पायाकडे हनुवटी उडवली आणि आणखी काहीतरी म्हणाले. त्यातला "चालणं" एवढाच शब्द मला समजला. पुन्हा विचारलं, तर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मला पुन्हा तेवढंच समजलं.

रोज सकाळी? मी तर समजत होते की आई तेव्हा झोपलेली असते. मी शेजारच्या खोलीत तिला उठवायला जायचे तेव्हा ती पांघरुणात असायची, स्कार्फ कानाला तसाच. मला वाटायचं, थंडी वाजते म्हणून काढत नाही.

तिथूनच मी नाशिकला फोन लावला.

"आई, तू इथल्या बाबांबरोबर रोज चहा प्यायचीस?"

"हो. चांगला करतात. साखर जरा जास्त घालतात."

"मला सांगितलं नाहीस कधी!"

"तू प्रत्येक गोष्टीला 'कुठल्या भाषेत' विचारतेस," आई म्हणाली. "कोण सांगत बसणार?"

मी हसले. बाबांनी मला हातानं बसायची खूण केली आणि एका छोट्या ग्लासात चहा ओतला.

"फोन दे त्यांना," आई पलीकडून म्हणाली.

मी फोन बाबांच्या कानाला लावला. पलीकडून आईचा मराठीतला आवाज येत होता. ते डोळे बारीक करून ऐकत होते, मधे मधे "ऐवा, ऐवा", म्हणजे हो, हो, म्हणत होते आणि मग ते स्वतः बराच वेळ अरबीत बोलले. मी चहा प्यायले. साखर खरंच जास्त होती.